बाटलीच्या तळाचं पाणी

भास्कर,

‘उद्या बोलू,’ असं म्हणून तू दवाखान्याच्या बाकावरून उठलास. वाद ऐन रंगात आला होता आणि माझा मुद्दा वरचढ होता. अशा वेळी नेमकं उठून जायची तुझी खोड शाळेपासूनची, त्यामुळे मी काही मनावर घेतलं नाही. घरी जाताना दुसऱ्या दिवशी तुला काय सुनवायचं ते मनात जुळवत गेलो. ते अजून तसंच जुळवून ठेवलेलं आहे. आता ते कुठे नेऊन टाकायचं, हे मला कोणी सांगितलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी खालापूरच्या कोर्टात एका साक्षीदाराची उलटतपासणी घेत होतो. शेताच्या बांधाचा दावा. साक्षीदार म्हणत होता की बांध पहिल्यापासून आहे तिथेच आहे, आणि मी त्याला विचारत होतो की मग आंब्याचं झाड चालत पलीकडे गेलं का. तेवढ्यात दाराशी तुझा कंपाउंडर सदू दिसला. कर्जतहून मिळेल त्या टेंपोत बसून आला होता. केस धुळीने पांढरे झाले होते.

“वकीलसाहेब,” तो म्हणाला, “डॉक्टर गेले.”

“आजच? माथेरानला?” मी विचारलं. कारण माथेरानच्या कुठल्याशा हॉटेलातल्या आचाऱ्याला बघायला जायचं तुझ्या डोक्यात होतं, आणि पेशंट बघायला घोड्यावर बसावं लागतं याबद्दल आदल्या संध्याकाळी तुझी तक्रार चालली होती. सदूने नुसती दाराची चौकट धरली. मला समजायच्या आधी पिंजऱ्यातल्या साक्षीदाराला समजलं. “कर्जतचं डॉक्टर? आमचं डॉक्टर?” असं म्हणून तो पिंजऱ्यातच खाली बसला. प्रतिपक्षाच्या साक्षीदाराबरोबर माझं एकमत होण्याचा तो पहिलाच प्रसंग.

तू मायक्रोस्कोपसमोर खुर्चीत होतास. स्लाइड लावलेली होती. सदूला वाटलं तू बघतो आहेस. त्याने आवाज न करता चहा आणून ठेवला आणि तो गेला. कप न्यायला परत आला तेव्हा चहावर साय धरली होती, आणि तरीही त्याला थोडा वेळ वाटत राहिलं, की तू बघतो आहेस.

लोक मला म्हणतात, वकील, तुमच्या दुःखाची कल्पना आहे. त्यांना नसावी, कारण मलाच नाही. मी अजून दुःखापर्यंत पोचलेलोच नाही. मी चकित आहे. बोलता बोलता समोरचा माणूस खोलीतून नाहीसा व्हावा आणि आपण वाक्य पुरं करत बसावं, तसं माझं चाललं आहे. परवा पानाच्या ठेल्यावर एक माणूस म्हणाला की हल्ली चुन्यात भेसळ असते, तर मी लगेच मनात नोंद केली, की भास्करला विचारायला हवं. ही नोंद अजून पुसलेली नाही.

तुझ्या संशोधनाबद्दल आता बरंच बोललं जातं आहे, आणि बोलणाऱ्यांपैकी कुणालाच ते काय होतं हे ठाऊक नाही, म्हणून मला जेवढं कळलं तेवढं सांगून ठेवतो. लोक तुला ‘छातीत सुई टोचणारा डॉक्टर’ म्हणत. ज्यांच्या अंगातलं रक्तच आटत चाललं आहे अशांच्या छातीच्या हाडात सुई घालून तू आतला मगज काढायचास. रक्त तिथे तयार होतं, हे मला तू शिकवलंस. तोवर ते यकृतात होतं अशी माझी समजूत होती आणि तिने माझं काही बिघडवलं नव्हतं. तो थेंबभर मगज मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांना दाखवायचा असे. पण हाडातून बाहेर आला की तो गोठतो, आणि नाही गोठला तर वाटेत नासतो. न गोठू देण्यासाठी सायट्रेट घालायचं. सायट्रेट म्हणजे लिंबात जे आंबट असतं त्याचा क्षार. तर कुठलं सायट्रेट, किती पातळ, किती गार ठेवला असता मगज मुंबईला पोचेपर्यंत तपासता येईल असा राहतो, हा तुझा शोध. खिडकीत काचेच्या नळ्यांची रांग, आणि थर्मासमधून मुंबईच्या वाऱ्या. एकदा गाडीत शेजारच्या गृहस्थांनी त्या थर्मासकडे बघून “घोटभर आम्हालाही चालेल हो,” असं म्हटल्यावर तू त्यांना खरं सांगितलंस, आणि ते नेरळला उतरून दुसऱ्या डब्यात बसले.

त्या नळ्यांशेजारच्या बरणीतलं सायट्रिक अ‍ॅसिड चिमूटभर टाकून तू मला सरबत द्यायचास. मी नको म्हणायचो. “अरे, तेच आहे रे, लिंबाचंच,” असं म्हणून माझ्या वाट्याचंही तूच प्यायचास.

इतक्या वर्षांनी तुझा निष्कर्ष असा निघाला, की सगळ्यात उत्तम म्हणजे सायट्रेटच्या भानगडीत न पडता रोग्याच्या खाटेशीच, ताबडतोब, स्लाइड करावी. मी म्हणालो, “म्हणजे काम जिथल्या तिथे करावं, हे सिद्ध करायला तू एवढा काळ घेतलास.” तू म्हणालास, “हो. पण आता ते सिद्ध आहे. आधी ते नुसतं खरं होतं.” यावरचा निबंध तू पुण्याला डॉक्टरांच्या अधिवेशनात वाचलास तेव्हा मी बरोबर होतो. सकाळची वेळ दीपप्रज्वलन, स्वागतगीत आणि प्रमुख पाहुण्यांचा परिचय यांत गेली. पाहुण्यांचा परिचय पाहुण्यांपेक्षा मोठा होता. तुला जेवणानंतर बोलावलं. सभागृहात बासुंदी अंगावर आलेले लोक होते. तू शेवटच्या ओळीपर्यंत असा वाचलास, जणू समोर जागी माणसं आहेत.

आपला वाद मात्र या शोधाचा नव्हता. तो गोमाचा होता.

कुंभिवलीचा गोमा. घरची भाताची शेती, आणि साजगावच्या बाजूला एका कारखान्यात पाळीचं काम. बैलासारखा माणूस बघता बघता पांढराफटक पडला, हिरड्यांतून रक्त, अंगावर निळे डाग. तू सुई घातलीस आणि मला सांगितलंस, “आतलं शेत पडीक पडलंय. का, ते कळत नाही. पण कधीकधी ते परत पिकतं. तोवर याला उसन्या रक्तावर जगवायचा.”

उसनं रक्त आणायचं कुठून? रक्त दिलं की माणूस सुकतो, या भीतीने गोमाचे भाऊबंद एकेक करून गाई बांधायच्या निमित्ताने घरी गेले. गटाला जुळणारी तिथे दोनच माणसं निघाली: तू, आणि गोमाची बायको यमुना. तू आधी आपलं दिलंस. बाटली त्याला लावलीस, पण त्याच्या नाकातून येणारं थांबेना, आणि दुसरी लगेच लागणार होती. यमुना पदर खोचून तयार होती. पण तिची सासू दवाखान्याच्या दारात आडवी बसली.

“सुनेचं रगात लेकाला?” म्हातारी म्हणाली. “एक रगात झालं मंजे दोगं भाव-भन झाली की रं! मग ती घरात कोन म्हनून ऱ्हायाची? डॉक्टर, तुमी शिकल्यालं, तुमाला एवडं कळंना?”

“आई, तो जाईल हो,” तू म्हणालास.

“जाईल तर देवाची मर्जी. पन गावात तोंड दावायला जागा नाय ऱ्हायाची. मागनं पोरं झाली तर ती कुनाची म्हनायची?”

मी पुढे झालो. मला वाटलं, इथे माझं काम आहे. मी सांगू लागलो की रक्ताचं नातं हा नुसता बोलण्याचा प्रकार आहे, रक्ताच्या पेशी काही दिवसांनी मरतात, वगैरे. म्हातारीने माझ्याकडे पाहिलं आणि यमुनेला विचारलं, “ह्यो कोन गं?”

तेव्हा तू आत गेलास आणि रिकामी बाटली घेऊन आलास. रिकामी म्हणजे, तळाला बोटभर स्वच्छ पाणी होतं. ती तू उन्हात धरलीस.

“आई, हे काय आहे?”

“पानी.”

“लिंबाच्या सत्त्वाचं पाणी आहे. दुधात लिंबू पिळलं तर काय होतं?”

“फाटतंय.”

“हां. तसं रक्त यात पडलं की त्यातलं नातं फाटतं. रक्त तेवढं राहतं. मग ते यमुनेचं नाही आणि कुणाचंच नाही. म्हणून तर सरकारने हे पाणी घालायचा नियम केलाय.”

सरकारला तू उगाच मध्ये घेतलंस, असं मला तेव्हाही वाटलं. म्हातारी बाटलीकडे बघत राहिली. मग तिने यमुनेकडे पाहिलं. तू पण पाहिलंस. मी मात्र तुझ्याकडे बघत होतो, आणि मला धक्का बसला होता. शाळेत असताना, सगळं गाव ज्याला भिऊन लांबून जायचं त्या चेटकाच्या खांबाला हात लावून दाखवणारा भास्कर, तो हे बोलत होता.

म्हातारी सरकली. यमुनेची बाटली गोमाला चढली. घाईची वेळ होती, थेंब भरभर सोडावे लागले. थोड्या वेळाने गोमा पुटपुटला, “व्हटाला मुंग्या आल्यात. बोटं वडत्यात.” सायट्रेट अंगात भराभर गेलं की रक्तातलं कॅल्शियम ओढून घेतं, हे तू मला नंतर समजावलंस, त्या क्षणी तू नुसतं थेंब कमी केलेस आणि कॅल्शियमची सुई भरायला धावलास. आणि म्हातारी, लेकाचा हात हातात धरून, समाधानाने म्हणाली, “फाटतंय. फाटतंय बग नातं.”

एका खोट्याला एवढा चोख पुरावा मी वकिलीत कधी पाहिला नाही.

गोमाचं पडीक शेत काही महिन्यांनी परत पिकायला लागलं. त्या दरम्यान त्याला आणखी बाटल्या लागल्या, पण तोवर भाऊबंदांची भीड चेपली होती. तो कामावर गेला. यमुनेला मुलगी झाली, आणि ती कुणाची हे कुणी विचारलं नाही. आपण दोघं मात्र तिथेच अडकलो.

“भोंदूपणा,” मी म्हणायचो. “दोरा बांधणारा भगत आणि तू, फरक काय?”

“त्याच्या दोऱ्यात रक्त नसतं,” तू म्हणायचास.

“आणि तुझी उपमासुद्धा उलटी होती. लिंबू दूध फाडतं, सायट्रेट रक्त फाटू देत नाही. निदान खोटं तरी शास्त्रशुद्ध बोलायचंस.”

“हे मात्र कबूल. घाईत सुचलं.”

“त्या बाईला फसवलंस. तिला खरं पेलणार नाही असं तू परस्पर ठरवलंस. हा मोठेपणा तुला दिला कुणी?”

“कोर्टात दिवसभर तू काय करतोस रे?”

“मी खोटं बोलतो ते दुसऱ्या वकिलासमोर. त्याला ठाऊक असतं.”

इतक्या वर्षांत या वादाला कितीतरी फांद्या फुटल्या, पण बुंधा हाच. त्या शेवटच्या संध्याकाळीही. खोपोलीच्या डॉक्टर मंडळींनी तुला सायट्रेट आणि रक्ताचे रोग यावर बोलायला बोलावलं होतं. मी म्हणालो, “सांगशील का तिथे, दारातल्या म्हातारीला काय सांगितलंस ते? शास्त्र सांगतोस तर सगळं सांग.” तू हसलास. मग एकदम गंभीर झालास आणि म्हणालास, “वकील, त्यात एक गोष्ट तू कधी विचारली नाहीस.” मी म्हणालो, “कुठली?” तू घड्याळ पाहिलंस, वहिनींनी जेवायला बोलावलं असणार. “उद्या बोलू,” म्हणालास.

मग उद्या आला आणि सदू दाराची चौकट धरून उभा राहिला.

शोकसभा झाली. तुझ्या फोटोला हार घालायचा मान कुणाचा, यावर दोन पुढाऱ्यांत थोडी कुजबूज होऊन शेवटी दोघांनी एकच हार दोन बाजूंनी धरला. फोटो तिरका झाला. अध्यक्ष म्हणाले, “डॉक्टरांनी सायट्रिक अ‍ॅसिडचा शोध लावून कर्जतचं नाव जगाच्या नकाशावर नेलं.” पुढच्या वक्त्याने तो शोध लिंबांपुरता असल्याचं समजून बागायतदारांच्या वतीने श्रद्धांजली वाहिली. तिसऱ्याने तुझं नाव एका चौकाला द्यायची सूचना केली. त्या चौकात अजून रस्ता नाही. मी दर वाक्याला शेजारच्या खुर्चीकडे वळत होतो. तिथे कुणीतरी अनोळखी गृहस्थ होते. ते प्रत्येक वेळी मान हलवून माझं सांत्वन करत होते.

मला बोलायला सांगितलं. मी उभा राहिलो आणि काहीच न बोलता बसलो. लोकांना ते फार परिणामकारक वाटलं.

बाहेर आलो तर पायरीपाशी गोमा आणि यमुना. गोमाने मला पाहून टोपी काढली. डोकं गुळगुळीत होतं. मिश्याही नव्हत्या.

मी दचकलो. “गोमा, घरात कोण गेलं रे? आई?”

“आय बरी हाय.” तो माझ्याकडे असा बघत राहिला, जणू विचित्र प्रश्न मीच विचारला. “डॉक्टर गेलं ना.”

“अरे, पण... तुला कसलं सुतक?”

“त्येंचं रगात हाय माझ्यात. धाव्याला नदीवर गेलो, डोई केली. भावकीनं इचारलं, सांगितलं तसं.”

माझ्यातला वकील अशा वेळीही उठून बसतो, त्याला मी काय करू? मी म्हणालो, “पण डॉक्टरच म्हणाले होते ना, बाटलीतल्या पाण्यानं नातं तुटतं म्हणून?”

“हिचं तुटलं,” गोमा म्हणाला. “मुंग्या आल्या त्या हिच्या बाटलीला. डॉक्टरांची बाटली गेली, तवा कायसुदिक झालं नाय. मंजे त्येंचं तुटलं नाय. व्हय का नाय?”

भास्कर, मी हरकत घेऊ शकलो नाही. पुरावा रेकॉर्डवर होता.

तेव्हा यमुना हसली. तोंडावर पदर घेऊन, सभेच्या दारात, रडलेल्या डोळ्यांनी. “ह्येंचं ऐकू नका, वकीलदादा. लिंबानं नाती तुटत असती, तर लोनचं खाऊन किती घरं मोडली असती?”

“म्हणजे तुला...”

“मला तवाच ठाव व्हतं.”

“मग तू बोलली का नाहीस?”

“बोलू कशाला? म्हातारीला बी आतनं पोरगा पायजेच व्हता. पन गावात जाऊन सांगाया कायतरी हातात नको? डॉक्टरांनी त्ये दिलं. त्येंनी माझ्याकडं बघितलं, मी त्येंच्याकडं बघितलं. झालं. सासू बी समदं वळखून हाय. पन अजून कुनी इचारलं की सांगती, फाटलं, मी माझ्या डोळ्यांनी बघितलं.”

गोमाने टोपी घातली. “मंजे खोटं व्हतं?” त्याने बायकोला विचारलं.

“तुमचं आन् डॉक्टरांचं खरं हाय,” ती म्हणाली. “चला, यष्टी जाईल.”

ते गेले, आणि मी थेट तुझ्या दवाखान्याकडे निघालो. अगदी भरभर. मनात वाक्यं तयार होती: हरलो रे, पण तूही जिंकला नाहीस, तू फसवलंस असं मी म्हणत होतो, पण तिथे दारात फसलेलं एकच माणूस होतं आणि ते उलटतपासणीत तरबेज आहे. आणि, हेच ते मी कधी विचारलं नाही? यमुनेला ठाऊक होतं का, हेच? पायऱ्या चढलो. बाकावर कुणी नव्हतं. दाराला कुलूप होतं. खिडकीतून नळ्यांची रांग दिसत होती, आणि ती सायट्रिक अ‍ॅसिडची बरणी. मी दार वाजवलं. कुलूप दिसत असताना वाजवलं. तेव्हा पहिल्यांदा, तुझ्या त्या ‘उद्या’चं काय झालं ते माझ्या अंगात शिरलं, आणि मी तिथेच बाकावर, माझ्या नेहमीच्या बाजूला बसून राहिलो. तुझी बाजू मोकळी ठेवली. कारण विचारू नकोस.

तुझं रक्त माझ्यात नाही. कधी गरज पडली नाही. तेव्हा शास्त्राने आणि धर्मानेही मला तुझं सुतक लागत नाही, आणि असल्या गोष्टी मी आयुष्यभर मानलेल्या नाहीत, हे तुला माहीत आहे. पण तू गेल्यापासून मी दाढी केलेली नाही. काल कोर्टात न्यायाधीशांनी चष्म्यावरून बघून विचारलं, “वकीलसाहेब, तब्येत बरी आहे ना?”

“ब्लेड संपलंय, साहेब,” मी म्हणालो.

कोर्टाच्या समोरच ब्लेडचं दुकान आहे. ते न्यायाधीशांना खिडकीतून दिसतं. त्यांनी तिकडे एकदा पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाले, “हो, हल्ली मिळत नाहीत.”

लिंबाची उपमा उलटी होती, एवढं मात्र मी मागे घेत नाही.